हरकती-सूचनांचे बसलिंग अण्णा

बसलिंग अण्णांना लग्नाचा मंडप सांगितला की त्यासोबत एक गोष्ट फुकट मिळायची आणि ती कुणालाच नको असायची. अक्षता वाटून झालेल्या असत, नवरानवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभी असत, भटजी घसा साफ करत असत, आणि नेमक्या त्या वेळी अण्णा माइक हातात घेऊन गंभीर आवाजात विचारत, "सदर विवाहाबाबत कुणाची हरकत किंवा सूचना असल्यास आत्ताच मांडावी. नंतर विचार केला जाणार न्हाय."

मुलीच्या बापाच्या तोंडचं पाणी पळे. पण माइक अण्णांचा, अ‍ॅम्प्लिफायर अण्णांचा, लाइट गेली तर जनरेटरही अण्णांचाच. त्यांना खाली बसवणार कोण? सगळा मांडव चिडीचूप होई. अण्णा सगळीकडं एकवार नजर फिरवत, "हरकत न्हाय असं धरून चालू," म्हणत आणि माइक भटजींच्या हातात देत. मग कुठं मुलीच्या बापाचा श्वास खाली येई.

एकदा मात्र अणदूरकडच्या एका लग्नात नवऱ्याचे मावसे खरोखरच उभे राहिले. सगळ्यांना फेटे बांधले, मला एकट्याला बांधला नाही, अशी त्यांची हरकत होती. अण्णांनी ती माइकवरून मोठ्यानं वाचली आणि वधूपक्षाला खुलासा करायला सांगितलं. वधूपक्षाचा खुलासा असा की फेटे बांधत होते तेव्हा मावसे जेवत होते. मावसे म्हणाले, मग ताटावर येऊन बांधायचा. मुहूर्त टळायची वेळ आली तेव्हा नवऱ्यानं स्वतःचा फेटा काढून मावशांच्या डोक्यावर ठेवला आणि तो बोडक्यानं बोहल्यावर उभा राहिला. अण्णा पुढं कितीतरी दिवस सांगत होते, "बगा, लोकांचं ऐकलं की मार्ग निघतो."

आमचं गाव नळदुर्ग आणि अणदूरच्या मधल्या पट्ट्यात, हायवेपासून थोडं आत. माझं नळदुर्गला झेरॉक्सचं दुकान आहे आणि घर अण्णांच्या घराला लागून. म्हणजे दिवसा ते दुकानात छळत आणि संध्याकाळी घरी. मला असली माणसं आवडतात का, असं कुणी विचारलं तर मी नाही म्हणेन. मला शांत माणसं आवडतात, जी दोन प्रती काढतात आणि निघून जातात.

अण्णांना हे खूळ लागलं ते मंडपातूनच. साखर कारखान्याला डिस्टिलरी काढायची असो, नाहीतर कुणाला डोंगर फोडायचा असो, काम मोठं असेल तर कायद्यानं आधी पर्यावरणाची लोकसुनावणी घ्यावी लागते. एक महिना आधी पेपरात जाहिरात येते, प्रकल्पाचा अहवाल मराठीत थोडक्यात करून ग्रामपंचायतीत ठेवतात, आणि ठरल्या दिवशी जिल्ह्याचे मोठे साहेब गावात येऊन लोकांना विचारतात, तुमचं काय म्हणणं आहे. या सुनावणीला मंडप लागतो. परंड्याकडच्या एका कारखान्याच्या सुनावणीचा मंडप अण्णांना मिळाला आणि तिथं घोळ झाला.

झालं असं की लोक नाष्ट्याचे पुडे घेऊन गप्प बसलेले. साहेबांनी तीनतीनदा विचारलं, कुणाला बोलायचंय का. कुणी हलेना. शेवटी साहेबांची नजर खांबाला टेकून उभ्या असलेल्या अण्णांवर गेली आणि ते म्हणाले, "तुम्हाला काही सांगायचंय?" अण्णा मला हे सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. आयुष्यभर त्यांनी माइक लावले होते. लग्नांना लावले, कीर्तनांना लावले, प्रचारसभांना लावले. बोललं ते दुसऱ्यांनी. "सुदाकर," ते म्हणायचे, "एवड्या वर्षांत मला मांडवात पहिल्यांदा कुणीतरी काही विचारलं."

त्या दिवशी ते काय बोलले ते त्यांनाही आठवत नाही. पण तेव्हापासून जिल्ह्यात कुठंही सुनावणी असली की अण्णा हजर. मंडप त्यांचा असला तर बरंच, नसला तर एसटीनं. जाण्याआधी माझ्या दुकानात येऊन अहवालाची प्रत काढायची, अर्धा दिवस माझ्याच बाकड्यावर बसून ती वाचायची आणि मधून मधून "ह्यांनी विहिरी मोजल्याच न्हायत" असं गिऱ्हाइकांना सांगायचं. गिऱ्हाईक बिचारं जातीच्या दाखल्याच्या झेरॉक्सला आलेलं असायचं.

त्यात भर पडली पुण्याहून आलेल्या एका मुलीची. वेगवेगळ्या देशांत सरकार असं काही बांधायच्या आधी लोकांना कसं विचारतं, यावर ती पीएचडी करत होती. सुनावणीत बोलणारा मंडपवाला म्हणून कुणीतरी तिला अण्णांचं नाव सांगितलं. ती आली होती अण्णांना प्रश्न विचारायला, पण दोन दिवस प्रश्न अण्णांनीच विचारले. ती बिचारी सांगत बसली आणि अण्णांच्या बायकोनं, गौराक्कांनी, तिला दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी नि शेंगाचटणी वाढली.

ती गेली आणि आमच्या गावात नेदरलँड आलं.

नेदरलँडमध्ये म्हणे असा अहवाल तपासायला वेगळी समिती असते, तिच्यावर ना सरकारचं दडपण ना कंपनीचं. कॅनडात लोकांना सरकार पैसे देतं, की जा, तुमचा तुम्ही जाणकार माणूस लावा आणि अहवाल वाचून घ्या. अमेरिकेत लोकांनी लिहून दिलेल्या आक्षेपांना उत्तर द्यावं लागतं, आणि ते अहवालातच छापावं लागतं. अण्णांनी हे सगळं पाठ केलं आणि कुठंही वापरायला सुरुवात केली. ग्रामपंचायतीनं गटार चुकीच्या बाजूनं काढली, "नेदरलँडला असलं चालत न्हाय." रेशनच्या दुकानात गहू खराब आला, "कॅनडात ह्याची तपासणी झाली असती." आमच्या गल्लीतल्या लक्ष्मीबाई मावशींनी शेवटी विचारलंच, की हे नेदरलँड उमरग्याच्या अलीकडं का पलीकडं. अण्णा म्हणाले, पलीकडं. मावशी म्हणाल्या, तरीच एसटी जात नाही.

आपल्याकडच्या सुनावणीत काय खोट आहे, हे मात्र ते फार छान सांगायचे. म्हणायचे, "तिकडं ताट वाढायच्या आदी विचारतात, काय जेवणार. आपल्याकडं हात धुवायला उठला की विचारतात, मीठ बराबर हाय का." हे ऐकून मी एकदा हसलो तर त्यांनी तेच मला पुढच्या आठवड्यात रोज ऐकवलं.

एका डिस्टिलरीच्या सुनावणीत अण्णा स्वतःच्या मंडपात, स्वतःच्या माइकवर, मंडपाचे पैसे देणाऱ्या कंपनीविरुद्ध बोलायला उभे राहिले. नेदरलँड झालं, कॅनडा झाला, अमेरिका सुरू झाली. कंपनीच्या मॅनेजरनं घाम पुसत मागच्या ऑपरेटरला खूण केली, आवाज बंद कर. ऑपरेटर म्हणजे अण्णांचा पुतण्या सिद्राम. त्यानं खूण बरोबर ओळखली आणि आवाज वाढवला. त्यानंतर कंपन्यांनी सोलापूरहून मंडप आणायला सुरुवात केली. तरी अण्णा जात, आणि भाषणाची सुरुवातच अशी करत की कनात वाऱ्याच्या बाजूला बांधल्यामुळं लोक उकडून उठून जावेत असा कंपनीचा डाव आहे, याची नोंद घ्यावी. सुनावणी संपल्यावर इतिवृत्त लोकांसमोर वाचून दाखवायचं असतं. थकलेले साहेब ते उरकायला बघत, पण अण्णा समोर मांडी घालून बसत आणि कनातीचं वाक्य आल्याशिवाय उठत नसत.

दुसऱ्यांना सांगणारे पुष्कळ असतात. पण अण्णांनी घरी संडास-बाथरूम बांधायचं काढलं तेव्हा खरोखर एक महिना आधी देवळाच्या भिंतीवर नोटीस लावली, "हरकती व सूचना मागवणेत येत आहेत." ठरल्या दिवशी त्यांच्या अंगणात सुनावणी झाली. चहा असल्यामुळं गर्दी बरी होती. मी निव्वळ खोडी काढायला उठलो आणि म्हणालो, तुमच्या संडासाची खिडकी माझ्या स्वयंपाकघरासमोर येते. सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी गवंड्याला बोलावून जागेवरच आखणीतली खिडकी फिरवली, आणि त्यामुळं त्यांच्याच परसातलं लिंबाचं झाड तोडावं लागलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत गौराक्का पदर तोंडाला लावून हसत होत्या.

गौराक्का आळंदकडच्या, म्हणजे कर्नाटकातल्या. मराठी समजायचं, बोलायच्या कानडीच. या बाईंना नशिबानं नवरा लाउडस्पीकरवाला मिळाला आणि त्यांना आवाज म्हणून सोसत नसे. ढग गडगडले तरी दचकायच्या. दिवाळीत पोरांनी लवंगी माळ लावली की मागच्या गोठ्यात म्हशीजवळ जाऊन बसायच्या. अण्णा अंगणात स्पीकर तपासायला घेत, काही न सांगता एकदम "हॅलो, हॅलो, चेक" सुरू होई, आणि स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज येई. मग खिडकीतून गौराक्का म्हणत, "साकु री." पुरे हो. त्यांचं सगळं संसारातलं म्हणणं या दोन शब्दांत असे. अण्णा आवाज थोडा कमी करत, आणि त्या आत गेल्या की पुन्हा वाढवत.

गेल्याच्या गेल्या वर्षी गौराक्का गेल्या. सकाळी चूल पेटवली आणि तिथंच बसल्या. लिंगायत लोक दहन करत नाहीत, दफन करतात. गावाच्या पूर्वेला डोंगर आहे आणि त्याच्या पायथ्याला त्यांची रुद्रभूमी, म्हणजे दफनाची जागा, तिथं गौराक्कांची समाधी बांधली. अण्णांनी मंडपाचा धंदा सिद्रामच्या हवाली केला. पण सुनावण्या सोडल्या नाहीत. उलट वाढवल्या. घरी कुणी नसल्यावर माणूस काय करणार? रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून मला कॅनडा समजावून सांगत. मी जांभया देत असे आणि ते पाहत नसत.

आणि मग जाहिरात आली ती आमच्याच डोंगराची. डोंगरावर खडीच्या लहान-मोठ्या खाणी होत्याच. आता त्या सगळ्या मिळून वाढवायच्या होत्या, सुरुंग लावून. गाव खडबडून जागं झालं. सुरुंगानं घरांना तडे जातील, धुळीनं तूर जाईल, विहिरी आटतील, असं निम्मं गाव म्हणत होतं. पोरांना काम मिळेल, टिपर लावता येतील, असं निम्मं. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं, की बोलणार तर अण्णाच. आजवर ज्यांनी त्यांना नेदरलँड अण्णा म्हणून चिडवलं, तेच त्यांच्या ओट्यावर जाऊन बसू लागले. सरपंच म्हणाले, "अण्णा, एवडी वर्षं दुसऱ्याच्या गावात बोललाव. आता आपल्या गावात बोला."

अण्णा माझ्या दुकानात आले, अहवालाची प्रत काढून नेहमीच्या बाकड्यावर वाचत बसले. मी म्हणालो, काय अण्णा, विहिरी मोजल्या का? त्यांनी एका ओळीवर बोट ठेवून पान माझ्यापुढं धरलं. खाणीच्या लगत मनुष्यवस्ती नाही, असं तिथं लिहिलं होतं. नकाशात डोंगराचा पायथा कोरा होता. रुद्रभूमी दाखवलीच नव्हती. पहिला सुरुंग जिथं लागणार होता तिथून गौराक्का हाकेच्या अंतरावर होत्या. अण्णा पान घडी करून खिशात घालून निघून गेले. त्या संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर आले नाहीत, आणि मला, खरं सांगतो, करमलं नाही.

सुनावणीला मंडप खच्चून भरला होता. बाजूच्या गावांतले लोकही अण्णांचं भाषण ऐकायला आले होते. साहेब बसले, कंपनीच्या सल्लागारानं पडद्यावर चित्रं दाखवली, त्यात आमचा डोंगर आहे त्यापेक्षा हिरवा होता. मग टिपरवाले बोलले, तूरवाले बोलले, एकमेकांच्या अंगावर गेले, पोलिसांनी बसवले. शेवटी अण्णा उठले तशा टाळ्या पडल्या. सोलापूरचा माइक कूं करत होता. अण्णांनी तो बाजूला सारला.

"साहेब," ते म्हणाले, "अहवालात लिवलंय, डोंगराखाली कुणी राहत न्हाय. माझी बायको हाय तिथं."

मागच्या पोरांना वाटलं, अण्णांनी विनोद केला. ती हसली. पुढच्या बायकांनी वळून बघितलं तशी गप्प झाली. साहेबांना काही समजेना. सरपंचांनी कानाशी लागून त्यांना रुद्रभूमीचं सांगितलं. सल्लागार उठला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, की मयत व्यक्तींवर होणाऱ्या परिणामांचा अभ्यास करण्याची तरतूद नियमांत नाही. मी वाट पाहत होतो, आता अण्णा याला नेदरलँडमध्ये नेऊन उभा करणार. अण्णा म्हणाले, "न्हाय, ते बराबर हाय तुमचं."

साहेबांनी विचारलं, "मग तुमची मागणी काय आहे?"

"तिला आवाज सोसत न्हाय," अण्णा म्हणाले. "सुरुंग कदी लावणार ते आदी सांगावं. रोज एकच येळ ठरवावी. दुसरं काय न्हाय." आणि ते खाली बसले.

एवढंच. ज्यांच्या भाषणात पोरं झोपून उठत, त्या माणसानं स्वतःच्या गावात एवढंच सांगितलं. सुरुंगाआधी भोंगा वाजवणं सुरक्षेच्या नियमानं लागतंच, असं साहेब म्हणाले, पण त्यांनी ते लिहून घेतलं. इतिवृत्त वाचलं तेव्हा त्यात आलं, की बसलिंग अण्णांची पत्नी डोंगराच्या पायथ्याशी दफन असून त्यांना आवाजाचा त्रास होतो. वाचताना साहेब "होतो"वर जरा थांबले, पण त्यांनी शब्द बदलला नाही.

गाव अण्णांवर जाम चिडलं. तूरवाले म्हणाले, ऐन वेळी कच खाल्ली. काही जण म्हणाले, कंपनीनं गाठलं असणार. मीही चिडलो होतो. जन्मभर बाकीच्यांच्या डोंगरासाठी घसा फोडला, आणि आपला डोंगर आला तेव्हा भोंगा मागितला? मी त्यांना तसं तोंडावर बोललो. ते म्हणाले, "सुदाकर, म्या लई सुनावण्या बगितल्या. डोंगर जायचा असला की जातो. जे मिळंल तेवडं मागावं." मी रागानं आत निघून आलो.

डोंगराला मंजुरी आली, जशी येते तशी. अटींची यादी होती. रुद्रभूमीच्या बाजूनं पट्टा सोडायचा, झाडं लावायची, आणि सुरुंग रोज दुपारी दोनलाच, भोंगा वाजवून. झाडं अजून लागायची आहेत. भोंगा मात्र वाजतो.

परवा माझ्या पुतणीचं लग्न ठरलं. मंडप सिद्रामला सांगितला होता, पण माइकवर अण्णाच पाहिजेत असा पुतणीचाच हट्ट, म्हणून मी दुपारचा त्यांना शोधायला निघालो. घराला कडी होती. पलीकडच्या घरात सांगितलं, ह्या वेळेला ते डोंगराकडं असतात. ऊन रणरणत होतं. मी रुद्रभूमीच्या कुंपणाशी पोचलो तेव्हा अण्णा गौराक्कांच्या समाधीजवळ उकिडवे बसले होते. त्यांनी मला पाहिलं नाही. खिशातलं घड्याळ काढून बघितलं, पुन्हा ठेवलं, आणि खाली वाकून कानडीत बोलले. तेवढी कानडी मला येते.

"गौरी, ईग सप्पळ आगतद. हेदरब्याड." आता आवाज होणार आहे, घाबरू नको.

मग डोंगरावर भोंगा वाजला. अण्णांनी दोन्ही हात समाधीच्या दोन्ही अंगांना घट्ट धरले, लेकराचे कान झाकावेत तसे, आणि सुरुंग उडून धूळ खाली बसेपर्यंत काढले नाहीत.